राक्षसांची सोयरीक

मुलांच्या कॉम्प्युटर गेमविषयी आमच्या वयाच्या मंडळींची दोनच मतं असतात. पहिलं मत असं, की हे परदेशी खूळ आहे, त्याने डोळे जातात आणि डोकं बिघडतं. दुसरं मत हल्ली मोबाईलवरच्या निरोपांतून फिरतं, की यातलं सगळं आपल्याच पुराणांतून चोरलेलं आहे, गोऱ्यांनी नावं बदलली एवढंच. गंमत म्हणजे एकच माणूस सकाळी पहिलं मत सांगतो आणि संध्याकाळी दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते आज जरा सविस्तर लिहिते. लेख लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी या विषयातला माझा अधिकार सांगते. पिंपरी-चिंचवडमध्ये मी तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. हातात ते बटणांचं यंत्र धरून मी आजवर एकही राक्षस मारलेला नाही. पण नातू खेळत असतो तेव्हा मी शेजारी भाजी निवडत बसते आणि प्रश्न विचारते. हा कोण? हा का चिडलाय? याला घरदार आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नातवाला नेहमी येतं, दुसऱ्याचं कधीकधी, तिसऱ्याचं जवळजवळ कधीच नाही. साल-तारखा आणि कंपन्यांची माहिती माझा भाचा पुरवतो, तो कॉम्प्युटरवालाच आहे. या दोघांच्या जिवावर माझं पडद्यावरच्या भुताखेतांचं ज्ञान बऱ्यापैकी वाढलं आहे. आणि जितकं वाढलं तितकं मला माहेरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटू लागलं.

माझं माहेर खेड तालुक्यातलं, चाकणच्या पलीकडचं. तिथे रात्री शेतावरून परतणाऱ्या माणसाला चकवा लागायचा. म्हणजे वाट रोजचीच, पण माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो. आजी सांगायची, चकवा लागला की चालू नये, आहे तिथे बसावं, उजाडू द्यावं. आता हे पाहा. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा जपानी गेम १९८६ साली आला. त्यात ‘लॉस्ट वुड्स’ नावाचं एक रान आहे. चुकीच्या दिशेने गेलात की पुन्हा तेच रान समोर! उत्तर, पश्चिम, दक्षिण, पश्चिम अशा क्रमाने गेलं तरच पुढची वाट सापडते. क्योतो शहरात बसून हे रान आखणाऱ्या माणसाने आमच्या बाभळीपाशी कधी रात्र काढली असेल असं वाटत नाही. पण चकवा त्याला ठाऊक होता.

दुसरा आमचा गिऱ्हा. बुडून मेलेल्या माणसाचं भूत, डोहात राहतं आणि पोहणाऱ्याचा पाय धरून खाली ओढतं. ‘द विचर’ नावाचा एक पोलंडचा गेम आहे, पहिला भाग २००७ चा. त्यात नदीकाठी आणि दलदलीत ‘ड्राउनर’ नावाची निळसर अंगाची भुतं असतात. पोलिश लोककथेत बुडून मेलेल्यांचं असं भूत आहेच, तिथूनच ती गेममध्ये आली. याच मालिकेच्या २०१५ च्या भागाचं नाव ‘वाइल्ड हंट’. रात्री आकाशातून मेलेल्यांचे स्वार दौडत जातात, वाटेत जो दिसेल त्याला घेऊन जातात, अशी समजूत युरोपात बऱ्याच ठिकाणी होती. आमच्याकडे अवसेच्या रात्री मशाली घेऊन वेताळाची पालखी निघायची. पालखी दिसली तर खाली बघायचं, हाक मारली तर ओ द्यायची नाही.

आणि राक्षसाचा जीव पोपटात, हे तर आपल्या प्रत्येकाला ठाऊक. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. रशियन गोष्टीतल्या कोश्चेईचा जीव सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी बेटावरच्या झाडाखाली. गेममध्ये यालाच ‘लिच’ म्हणतात. हा मेलेला जादूगार आपला जीव एका डबीत काढून ठेवतो. डबी सापडेपर्यंत त्याला कितीही वेळा मारा, तो पुन्हा उठतो. नातवाला लिच समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. मी फक्त म्हटलं, “अरे, पोपट शोध.” तो म्हणाला, “आजी, तुला कसं माहीत?”

आता प्रश्न असा, की हे सारखेपण आलं कुठून?

याचं एक उत्तर मला माझ्या वर्गातच मिळालं होतं. आमच्या गावाचं शहर झालं ते कारखान्यांमुळे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ नंतर एमआयडीसीने जमिनी घेतल्या, १९८२ मध्ये महापालिका झाली. त्यामुळे माझ्या वर्गात साताऱ्याची, लातूरची, कोकणातली, खानदेशातली आणि पुढे पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधलीही मुलं असायची. निबंधाला एकदा मी विषय दिला होता, ‘आमच्या गावचं भूत’. एरवी पाच ओळींवर न जाणाऱ्या मुलांनीही पानं भरली! कोकणातल्या मुलीने देवचार आणला, सातारच्या मुलाने मुंजा आणला. बलियाकडच्या एका मुलाने मोडक्यातोडक्या मराठीत चुडैल लिहिली, पाय उलटे, बाळंतपणात मेलेली. मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, “बाई, ही तर आमची हडळ!” त्या दिवसानंतर त्या दोघांची गट्टी झाली, हे मला चांगलं आठवतं.

जिथे नदी आहे तिथे माणसं बुडतात. जिथे दवाखाना नाही तिथे बायका बाळंतपणात जातात. जिथे दिवा नाही तिथे वाट चुकते. पोलंड असो, जपान असो की खेड तालुका, भीती त्याच, म्हणून भुतंही तीच. गिऱ्ह्याची गोष्ट ही खरं तर पोरांनी डोहाकडे जाऊ नये म्हणून लावलेली पाटी होती. आज पाट्या खरोखरच्या लावल्या जातात, तरी जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा जुना पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला आणि माणसं गेली. तेव्हा नदीची भीती जुनी झाली आहे असं काही म्हणता येणार नाही.

दुसरं उत्तर प्रवासाचं. गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर, फकिरांबरोबर, सैन्याबरोबर फिरतात आणि फिरताना कपडे बदलतात. गेममधला बहामूत घ्या. जुन्या अरबी ग्रंथांत बहामूत हा अवाढव्य मासा आहे. त्याच्या पाठीवर बैल, त्याच्याही वर आपली पृथ्वी, अशी ती उतरंड. म्हणजे आपल्या शेषाचा आणि कूर्माचा सहकारीच. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागदावर आणि फाशांनी खेळायचा खेळ निघाला. आजच्या निम्म्या गेमचं मूळ त्यात सापडतं. त्या खेळात हा मासा ड्रॅगन झाला. तिथून तो जपानला गेला आणि १९८७ च्या ‘फायनल फँटसी’ मध्ये ड्रॅगनांचा राजा होऊन बसला. टोल्किनसाहेबांच्या कादंबऱ्यांतले बुटके हॉबिटही याच अमेरिकन खेळात आले. पण हक्कदारांनी हरकत घेतली, म्हणून त्यांचं नाव ‘हाफलिंग’ करावं लागलं. बारसं बदललं, बाळ तेच.

आपला राक्षससुद्धा तिथे जाऊन पोचला आहे. त्या खेळाचं राक्षसांचं एक पुस्तक १९७७ साली निघालं. त्यात ‘राक्षस’ याच नावाने एक चित्र आहे. वाघाचं डोकं, अंगात साहेबी झगा आणि तोंडात पाईप! हाताचे तळवे उलटे. आपल्या भुताचे पाय उलटे असतात, तिकडे जाईपर्यंत ते हात झाले असावेत असं मी नातवाला गमतीने सांगते.

पण ‘चोरी’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे ते आळंदीचं, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचं. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला आले. भावंडं भिंतीवर बसली होती. ज्ञानेश्वरांनी ती भिंतच चालवली. ती भिंत आळंदीत आजही दाखवतात. गेम खेळणाऱ्यांना यात काही नवल वाटत नाही, ‘माउंट’ म्हणजे बसायचं जनावर त्यांच्याकडे प्रत्येकाला असतं. आता तुर्कस्तानात चला. तिथे हाजी बेक्ताश वली नावाचे मोठे सूफी संत होऊन गेले. एक साधू सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन त्यांना भेटायला निघाला, तेव्हा हाजी बेक्ताश भिंतीवर बसले आणि भिंतीसकट त्याला सामोरे गेले, अशी गोष्ट तिथले लोक भक्तिभावाने सांगतात. ज्ञानेश्वर आणि हाजी बेक्ताश दोघंही तेराव्या शतकातले. मग कुणी कुणाचं चोरलं? मला तर हा प्रश्नच निरर्थक वाटतो. जिवंत जनावरावर बसून मिरवणाऱ्यापेक्षा निर्जीव भिंतीला चालवणारा मोठा, हे दोन्हीकडच्या साध्या माणसांना पटलं, यात मला आनंद आहे.

इथपर्यंत बहुतेक मंडळी माझ्याशी सहमत होतील. आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते, तिथे कदाचित होणार नाहीत.

गोष्ट प्रवासाला निघाली की नाव आणि रूप सहज बरोबर जातं. मागे राहतं ते कारण. ‘फायनल फँटसी’च्या १९९० च्या तिसऱ्या भागात ‘शिवा’ आहे, पण ती बर्फाची शक्ती असलेली एक बाई आहे. आमच्या हास्यक्लबातल्या एका काकांना हे ऐकून फार राग आला. मला राग आला नाही. हलाहल पिणारा, स्मशानात राहणारा, भुतांना आपले गण म्हणणारा शंकर मागेच राहिला आणि नुसतं नाव पुढे गेलं, याचं थोडं वाईट वाटलं. भुतांना जवळ करणारा देव, हीच तर त्यातली खरी गोष्ट होती.

आपल्याकडच्या भुतांचं वैशिष्ट्य असं, की कुणीही उगाच भूत होत नाही. मुंज झाली, लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहिला. बाळंतपणात बाई गेली, ती हडळ झाली. ज्याचं क्रियाकर्म करायला कुणी उरलं नाही, तो समंध झाला. म्हणजे प्रत्येक भुतामागे एक अपुरं राहिलेलं माणूस आहे. आणि म्हणून त्यावरचा उपायही तलवारीचा नव्हता. त्याची इच्छा विचारायची, त्याला जागा द्यायची, वर्षाचा नैवेद्य ठरवून द्यायचा. मग तेच भूत गावाची राखण करतं. वेताळ हा भुतांचा राजा, पण गावाच्या शिवेवर तो राखणदार म्हणून बसतो. पुण्याच्या एका अख्ख्या टेकडीला त्याचं नाव आहे.

जेजुरीला खंडोबाने मणी आणि मल्ल या दोन दैत्यांना मारलं. मरताना मणीला पश्चात्ताप झाला, त्याने आपला घोडा देवाला दिला आणि देवाच्या ठाण्यात जागा मागितली. खंडोबाने ती दिली! आज मणीलाही तिथे नैवेद्य मिळतो. मल्लाला पश्चात्ताप झाला नाही, त्याचं शिर पायरीशी. तरी देवाच्या ‘मल्हारी’ या नावात मल्ल आहेच. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो, त्याचा संबंध दामोदर कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात थेट महिषासुराशी जोडला आहे. म्हणजे देवीने ज्याला मारलं, त्यालाच बांधावर बसवून आपण पिढ्यानपिढ्या नारळ फोडत आलो. आमच्या पट्ट्यात जमिनी गेल्या, शेतं गेली, २००९ मध्ये चाकणला जर्मन मोटारीसुद्धा तयार व्हायला लागल्या, पण कुठल्यातरी कुंपणाच्या कोपऱ्यात शेंदराचा एक दगड अजून असतो. तो हलवायला बुलडोझरवाला तयार होत नाही.

हे वाचून कुणी असं समजू नका, की मी भुताखेतांची भलामण करते आहे. मी भूत मानत नाही. अंगात आलं म्हणून बाईला झाडाला बांधलेलं, धुरी दिलेली मी लहानपणी पाहिली आहे. चेटकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तो हवाच होता. म्हणूनच तर माझा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. भूत खोटं असतं, पण एखाद्याला भूत ठरवणं खरं असतं. त्याने खरी माणसं मरतात.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या बागेत मुलं लढाई-लढाई खेळत होती. एक गट योद्ध्यांचा, एक गट ‘ऑर्क’ लोकांचा. ऑर्क म्हणजे टोल्किनसाहेबांनी प्रसिद्ध केलेली कुरूप, हिंस्र, टोळीने राहणारी जमात, बहुतेक गेममध्ये ती असतेच. भिंतीपलीकडे बांधकामाच्या मजुरांची वस्ती आहे. तिथली चार मुलं भिंतीवर चढून बघत होती. आमच्यातला एक गोरागोमटा सात वर्षांचा योद्धा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ऑर्क आले, ऑर्क आले!” आणि सगळ्यांनी खडे उचलले. लागलं कुणाला नाही. आयांनी हसून सोडून दिलं. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

दोष गेमचा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या लहानपणी गेम नव्हते, तरी गावकुसाबाहेरच्या वस्तीबद्दल याहून वाईट शब्द होते आणि ते मोठ्या माणसांच्या तोंडी होते. पण ज्या प्राण्याला आई नाही, गाव नाही, कारण नाही, जो नुसता अंगावर येतो आणि मारला की गुण मिळतात, असा प्राणी रोज दोन तास बघितला, तर ‘समोरचा असा का?’ हा प्रश्न विचारायची सवय मोडते. ही माझी काळजी आहे. डोळ्यांना चष्मा लागेल याची नाही.

आणि इथेच मला गेमवाल्यांचं कौतुकही करायचं आहे, कारण त्यांच्यातल्या शहाण्यांना हे आपल्याआधी कळलं. ‘वॉरक्राफ्ट’ नावाचा गेम १९९४ साली आला तेव्हा त्यातले ऑर्क म्हणजे चाल करून आलेले क्रूर शत्रू. २००२ च्या तिसऱ्या भागात त्याच ऑर्क लोकांचा थ्रॉल नावाचा पुढारी नायक झाला. माणसांच्या कैदेत वाढलेला हा थ्रॉल आपल्या लोकांना घेऊन समुद्रापार नवं घर शोधायला निघतो. ऑर्क हिंस्र झाले ते त्यांना राक्षसाचं रक्त पाजलं गेलं म्हणून, असं त्यांचं कारणही सांगितलं आहे. आठ वर्षांत शत्रूला माणूसपण मिळालं.

‘विचर’ ज्यावर बेतला आहे त्या लेखकाची, आंद्रे सापकोव्स्की यांची, पहिली कथा १९८६ ची. एक राजकन्या जन्मतःच शापित, मेली आणि कबरीतून उठून माणसं खाऊ लागली. नायक राक्षस मारण्याचे पैसे घेणारा, पण तो तिला मारत नाही. कोंबडं तिसऱ्यांदा आरवेपर्यंत तिला कबरीत परतू द्यायचं नाही, एवढं केलं की शाप उतरतो. तो रात्रभर झुंजतो आणि उजाडल्यावर तिथे एक मुलगी पडलेली असते. कोंबडं आरवलं की भूत जातं, हे आजीनेही सांगितलं होतं! त्या मालिकेच्या २०१५ च्या भागात तर एक प्रसंग आहे, तो नातवाने मला मुद्दाम बोलावून दाखवला. मेलेलं जन्मलेलं बाळ, नाव न ठेवता, धड संस्कार न करता पुरलेलं. ते भूत होऊन उठलं आहे. खेळणारा त्याच्याशी लढू शकतो, किंवा दुसरा मार्ग घेऊ शकतो. बापाने त्याला उचलून घ्यायचं, नाव द्यायचं, आपलं म्हणायचं आणि घराच्या उंबऱ्याखाली पुरायचं. मग तेच भूत घराचं राखण करणारं होतं. मी पदराने डोळे पुसले. नातू म्हणाला, “आजी, गेम आहे.” अरे बाबा, गेम आहे म्हणूनच. पोलंडच्या पोरांनी हे केलं, आणि माझ्या आजीला ते एका शब्दाने समजावून सांगावं लागलं नसतं.

२०१५ सालीच ‘अंडरटेल’ नावाचा एक छोटा अमेरिकन गेम आला. टोबी फॉक्स या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने केला. त्यात समोर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाशी बोलता येतं, त्याची समजूत काढता येते, त्याला सोडून देता येतं. एकालाही न मारता तो गेम पूर्ण करता येतो. माझ्या मते जगातल्या सगळ्या म्हसोबांनी या मुलाला आशीर्वाद द्यायला हवा.

आता आपल्याकडे बघू. आपल्या पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम काढला. आधी २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीने पैसे जमवायचा प्रयत्न केला होता, तो जमला नाही, तरी त्यांनी नेट लावून काम तडीस नेलं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला असुर पळवतात आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे जाते. नायिका मुलगी, पाठीशी देवी, मधूनमधून बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेल्या पुराणातल्या गोष्टी. मला ऐकूनच अभिमान वाटला. पण एक अपेक्षाही वाटली. आपण गेम केला तरी आपला असुर मात्र बहुतेक मारण्यापुरताच येतो. परक्यांनी राक्षसाला माणूस करून दाखवलं, आणि ज्यांच्याकडे मणी आहे, म्हसोबा आहे, ते आपण मात्र त्याला पुन्हा नुसता राक्षस करून ठेवायचं?

आणि या सगळ्यांत मोठा आपला बळी. बळी हा असुर होता, प्रल्हादाचा नातू. वामनाने त्याला पाताळात घातलं. कुठल्याही गेममध्ये तो शेवटचा ‘बॉस’ ठरला असता आणि त्याला हरवलं की फटाके फुटले असते. आपल्याकडे काय होतं? दिवाळीत पाडव्याला आपल्या आयाबहिणी ओवाळताना बळीचं राज्य परत येवो, असं म्हणतात! शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. जोतीराव फुल्यांनी याच बळीला आपला राजा मानून इतिहासाकडे बघायला शिकवलं. विष्णूची पूजा करणारं घर त्याच दिवशी विष्णूने हरवलेल्या असुराचं राज्य मागतं, आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. असुराच्या बाजूनेही गोष्ट सांगता येते, हे आपल्याला दरवर्षी आठवण करून देणारा सणच आपल्याकडे आहे. झारखंडात तर असुर नावाची आदिवासी जमात आजही आहे. दगडातून लोखंड गाळण्याची कला त्यांच्याकडे पिढीजात होती. त्यातले काही जण महिषासुराला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत शोक पाळतात. आमच्या लोखंडाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

तेव्हा आजी-आजोबांनो, माझं म्हणणं एवढंच. नातवाच्या हातातला गेम हिसकावू नका, आणि ‘हे आपलंच आहे’ म्हणून छातीही फुगवू नका. शेजारी जाऊन बसा. पडद्यावर काहीतरी अक्राळविक्राळ आलं की दोनच प्रश्न विचारा. हा असा कशाने झाला? आणि याला शांत करायला काय लागेल? पहिल्यांदा पोरं वैतागतील. “आजी, आधी मारू दे, मग सांगतो,” म्हणतील. मारू द्या. पण विचारायचं सोडू नका. प्रश्न डोक्यात राहतो, हा माझा तीस वर्षांचा वर्गातला अनुभव आहे.

आमच्या सोसायटीत आता रविवारी सकाळी बागेत मी गोष्टी सांगते. भिंतीपलीकडच्या मुलांसाठी फाटक उघडं ठेवायचं, ही माझी एकच अट होती. समितीत त्यावर दोन बैठका झाल्या, शेवटी परवानगी मिळाली. मागच्या रविवारी मणी-मल्लाची गोष्ट झाली. पुढच्या रविवारी गिऱ्हा सांगायचा आहे, आणि पलीकडच्या वस्तीतल्या एका मुलीने त्यांच्याकडच्या पाण्यातल्या भुताची गोष्ट सांगायचं कबूल केलं आहे.

तुमच्या गावाकडे कुठली भुतं होती आणि गावाने त्यांना काय दिलं होतं, तेही जरूर कळवा. माझी वही अजून भरायची आहे.